आरामबंदी

आमच्या घरात ‘आराम’ हा शब्द उच्चारायला बंदी होती. आमच्या भागात न राहिलेल्या माणसाला यातली गंमतही कळायची नाही आणि त्रासही कळायचा नाही, म्हणून आधी तेवढं सांगून टाकते. बेळगावात माणूस माणसाला भेटला की पहिला शब्द ‘आराम?’ असतो. समोरचाही ‘आराम’ म्हणतो आणि मग पुढचं बोलणं सुरू होतं. कन्नड बोलणारा असला तर ‘आराम अदीरी?’ म्हणतो, मराठी बोलणारा असला तर ‘आराम हाईसा न्हवं?’ म्हणतो, उत्तर एकच. कुणाचा पाय मोडलेला असो, कुणाच्या घरात भावाभावांत भांडण लागलेलं असो, आधी ‘आराम’ म्हणून घ्यायचं आणि मग रडगाणं गायचं. आणि अशा गावात, वडगावच्या विणकरांच्या गल्लीत, आम्ही दोघी बहिणी मात्र कुणी ‘आराम?’ म्हणालं की छाती पुढे काढून ‘काम!’ असं उत्तर द्यायचो. गल्लीतली पोरं मुद्दाम रस्त्यापलीकडून ओरडायची. आम्हीही इकडून ओरडायचो. काय करणार, थोरल्यांचा हुकूम होता.

थोरले म्हणजे आपल्या देशाचे पहिले पंतप्रधान. आप्पा, म्हणजे माझे वडील, त्यांचं नाव घेत नसत. आईनं आप्पांचं नाव उखाण्याखेरीज कधी घेतलं नाही आणि आप्पांनी त्यांचं उखाण्यातही घेतलं नाही. ‘थोरले’ एवढंच. थोरल्यांनी धरणं बांधली, थोरल्यांनी कारखाने काढले, थोरले असते तर सुताचा भाव असा चढला नसता. तेव्हा थोरले जाऊन काही वर्षं झाली होती, पण आमच्या घरात ते अजून ठणठणीत होते. मी आजही त्यांचं नाव घेत नाही. जिभेला वळण लागलं ते लागलं, आता या वयात कुठे मोडत बसू?

आप्पांनी थोरल्यांना आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, तेही पाठमोरं. ऐन तारुण्यात कुठल्याशा सभेला गेले, गर्दी इतकी की दिसली फक्त पांढरी टोपी आणि एक खांदा. मी लहान होते तेव्हा गोष्ट एवढीच होती. मी दुसरीत गेले तेव्हा त्या टोपीनं मान जरा वळवली होती. चौथीत गेले तेव्हा कोटावरचा गुलाब दिसला होता. मी मॅट्रिक होईपर्यंत थोरले पूर्ण वळले, आप्पांकडे बघून हसले, आणि ‘विणकर काय?’ असंही त्यांनी विचारलं. आई भाकरी थापता थापता म्हणायची, “अजून चार वर्सं थांबा, जेवाय येतील घरला.” आप्पांना राग यायचा नाही. त्यांना ते शक्य वाटायचं.

थोरल्यांचं चरित्र आम्ही मागाच्या तालावर ऐकलं. आमचा हातमाग घराच्या पुढच्या खोलीत होता. आप्पा मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून बसत, धोटा इकडून तिकडे पळे, आणि त्या खटखटीत त्यांचा आवाज चढत जाई. “घरात गालिचे!” खट. “इलायतेत शिकलेलं पोरगं!” खट. “आणि झोपलं कुठं? जेलात! चटईवर!” धागा तुटला की गोष्टही तुटायची. आप्पा गाठ मारेपर्यंत थोरले चटईवर तसेच पडून असायचे आणि आम्ही दोघी जीव मुठीत धरून बसलेल्या असायचो. थोरले तुरुंगातून आपल्या लेकीला पत्रं लिहायचे, हा प्रसंग आला की मात्र धागा न तुटताही माग थांबायचा. “लेक लांब. बाप आत,” आप्पा हळू आवाजात सांगायचे. “भेटाय जाता येत न्हाय. मग काय करील माणूस? लिव्हतोय, लिव्हतोय. समद्या जगाची म्हायती लिव्हून धाडतोय लेकीला.” मग ते आमच्याकडे बघायचे आणि खोकून परत धोटा मारायचे.

आरामबंदी आली ती शाळेच्या भिंतीवरून. आमच्या शाळेला नवा रंग दिला आणि रस्त्याकडच्या भिंतीवर हातभर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘आराम हराम है’. खाली थोरल्यांचं नाव. देशभर लोकांनी हे वाक्य वाचलं असेल आणि बरं आहे म्हणून पुढे गेले असतील. आमच्या वडगावात तसं कसं चालेल? आप्पा चौथी शिकलेले, एकेक अक्षर लावून त्यांनी ते मोठ्यानं वाचलं आणि भिंतीसमोर तसेच उभे राहिले. दिवसातून शंभरदा जो शब्द तोंडातून निघतो तो थोरल्यांनी हराम ठरवला होता! घरी येऊन त्यांनी चपला काढायच्या आत जाहीर केलं, “आजपासनं ह्या घरात कुणी आराम म्हणायचं न्हाय.”

“मग काय म्हणायचं?” आईनं विचारलं.

“काम म्हणायचं.”

“मी बरं हाय म्हणीन.”

“बरं म्हंजे आरामच की! चोरवाट काढू नगंस.”

“आणि तुमचा त्यो दुसरा शब्द देवाच्या खोलीत काढायचा न्हाय,” आई म्हणाली. ‘हराम’ तिला शिवीच वाटायची. म्हणजे एका वाक्यातले दोन शब्द, एक आप्पांनी बंद केला आणि एक आईनं. राहिला फक्त ‘है’, आणि तो आमच्या भाषेतला नव्हता.

त्या काळात मला एकदा सडकून ताप आला होता. दोन दिवसांनी उतरला. डॉक्टरांनी कपाळाला हात लावून विचारलं, “काय बेबी, आराम हाय न्हवं आता?” मी बिछान्यातूनच म्हणाले, “काम हाय.” डॉक्टरांनी परत थर्मामीटर लावला. ताप नाही. परत विचारलं. परत ‘काम’. ते आईला बाजूला घेऊन म्हणाले की ताप डोक्यात गेलेला दिसतोय. आई बिचारी त्यांना समजावू लागली, तर तिचं ते पंतप्रधान, भिंत आणि आप्पा असं सगळं ऐकून डॉक्टर तिच्याकडेही काळजीनं बघायला लागले.

गल्लीला आमची ही भक्ती खटकायची. चेष्टा तर होतीच, पण त्यामागे खरा रागही होता. राज्यांच्या हद्दी आखल्या गेल्या आणि आम्ही मराठी माणसं रेषेच्या या अंगाला राहिलो, तेव्हा दिल्लीच्या गादीवर थोरले होते. ज्या गल्लीतली माणसं त्यापायी मोर्चे काढत, लाठ्या खात, त्याच गल्लीत आप्पा कॅलेंडरातून कापून फ्रेम केलेला थोरल्यांचा फोटो मागाच्या वर लावून बसलेले. कुणी हटकलं तर म्हणायचे, “घरातल्या थोरल्याचं समदंच पटतंय व्हय? म्हणून घराभाईर काढायचं काय त्याला?” त्यावर लोक गप्प बसायचे, पण पटून नाही.

त्या फोटोला रोज ताजा गुलाब परवडणारा नव्हता. म्हणून माझ्या थोरल्या बहिणीनं, शालनआक्कानं, मागाखाली पडलेल्या लाल रेशमाच्या तुकड्यांचा एक गुलाब करून फ्रेमला अडकवला. आक्का म्हणजे आप्पांचा उजवा हात. धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या तीच भरायची आणि तिची कांडी कधी गुंतायची नाही. मोठ्यानं हसताना मी तिला पाहिलं नाही. ती आतल्या आत हसायची आणि तिचे खांदे तेवढे हलायचे. तिला स्थळं येऊ लागली तशी आप्पांची गडबड व्हायला लागली. “सध्या काम हाय,” म्हणून ते स्थळ परतवून लावायचे. खरी गोष्ट एवढीच होती की लेक नांदायला गेली आणि तिथे तिचे हाल झाले तर आपल्याला कळणार कसं, ही एकच भीती त्यांच्या पोटात होती. हे ते आईला रोज बोलून दाखवायचे, त्यामुळे घरात सगळ्यांना पाठ होतं.

मग निपाणीचं स्थळ आलं. मुलगा शाळेत मास्तर. शहापूरला कुणाच्याशा लग्नात पंगतीत वाढताना तो आक्काला भेटला होता. त्यानं तिच्या पानात चुकून दोनदा मीठ वाढलं आणि तिनं ते चुकून दोनदा वाढून घेतलं, एवढंच त्यांचं प्रेमप्रकरण. आक्कानं हे फक्त मला सांगितलं होतं. “बेबे, हे जमलं न्हाय तर मी म्हातारी होऊस्तोवर कांड्या भरत बसीन,” ती म्हणाली, आणि तिचे खांदे हलले नाहीत. मी घाबरलेच.

ती मंडळी आली तो रविवार मी मरेपर्यंत विसरणार नाही. आईनं सकाळपासून पोहे निवडणं, नारळ खवणं आणि आप्पांना दटावणं अशी तिन्ही कामं एका वेळी चालवली होती. ताटलीत बेळगावी खव्याचा कुंदा मांडून ठेवला होता, त्यावर माझा डोळा होता. “आज ती मानसं आराम इचारतील,” आई म्हणाली. “गुमान आराम म्हणायचं. लेकीचा परश्न हाय.” आप्पांनी मान डोलावली. “म्हणीन की. एक डाव म्हटलं म्हणून काय हुतंय.”

मुलाचे वडील, सगळे त्यांना तात्या म्हणायचे, तंबाखूच्या वखारीत नोकरीला होते. भरघोस मिशा, डोक्याला फेटा, आवाज असा की आमच्या मागाच्या खटखटीतही ऐकू आला असता. आल्या आल्या आप्पांचे दोन्ही हात हातात घेऊन ते म्हणाले, “काय पाव्हणं, आराम न्हवं?”

आप्पांनी तोंड उघडलं. मी पडद्याआडून बघत होते. त्यांची मान लाल झाली. “आ,” ते म्हणाले. “आ... आ...” त्यांची नजर वर फोटोकडे गेली आणि सगळं संपलं. “काम!”

“काम हाय?” तात्या दचकले. “मग आमी चुकीच्या येळेला आलाव काय?”

“न्हाय न्हाय, बसा की,” आप्पा घाईनं म्हणाले. “तसं न्हवं. आमच्या थोरल्यांनी लावलेलं वळण हाय हे. माणसानं रिकामं बसू नये म्हणायचे.”

“थोरले हाईत व्हय घरात? मग बोलवा की. वडीलधाऱ्या माणसाच्या म्होरं बोलणं झाल्यालं बरं.”

“ते न्हाईत आता. गेले.”

“अरारारा,” तात्या म्हणाले आणि त्यांच्या बायकोनं चुकचुक केली. इथेच आप्पांनी थांबायला हवं होतं. पण थोरल्यांचा विषय निघाला आणि ऐकणारं नवं माणूस मिळालं, मग आप्पा कसले थांबतात! “लई सोसलं त्यांनी,” ते म्हणाले. “कितींदा जेलात गेले. उमेदीची वर्सं तिथंच गेली.”

तात्या ताठ बसले. “जेलात? काय चोरीमारी...”

“छ्या! आपल्या लोकांसाठी गेले.”

तात्यांचा चेहरा उजळला. ते स्वतः सीमेच्या सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आले होते आणि निपाणीत त्यांची ओळखच ती होती, हे आम्हाला मागाहून कळलं. “हिंडलग्याच्या जेलात व्हते काय? मीबी तिथंच व्हतो!”

“म्हाईत न्हाय बा. लई जेलं झाली त्यांची.”

“म्हंजे आपला माणूस!” तात्या उठले आणि त्यांनी आप्पांना मिठीच मारली. आप्पा भारावून गेले. इतक्या वर्षांत थोरल्यांसाठी कुणी त्यांना मिठी मारली नव्हती. आई स्वैपाकघरात तळणात गुंतलेली. मला सगळं कळत होतं आणि मी बाहेर जाऊन सांगायला हवं होतं हेही कळत होतं, पण तोंडात पडदा कोंबून हसू दाबण्यात मी इतकी गढले होते की पाय हलेनात. माझ्यामागे आक्का पोह्यांचं ताट घेऊन उभी होती. तिचे खांदे हलत होते आणि ताटल्या किणकिणत होत्या.

“आतनं लेकीला पत्रं लिव्हायचे,” आप्पांचा आवाज हळू झाला.

“लेक कुठं दिलीय त्यांची?” तात्यांच्या बायकोनं विचारलं.

“दिल्लीलाच असती.”

“अगंबया! दिल्लीला! काय करती?”

“वडलांचं समदं आता तीच बघती,” आप्पा नम्रपणे म्हणाले.

तात्यांच्या बायकोनं नवऱ्याकडे असं बघितलं की आपल्याला एवढं मोठं घराणं झेपणार का. मुलगा मात्र खाली मान घालून बसला होता. तो मास्तर होता. त्याला ‘दिल्ली’ ऐकल्यावर सगळा उलगडा झाला होता आणि त्याचे कान लालबुंद झाले होते. पण हसू दाबण्याच्या बाबतीत तोही माझ्याच जातीचा निघाला.

“फोटो असंल की त्यांचा,” तात्या म्हणाले. “हात जोडतो. अशा मानसाचं दर्सन व्हायला पायजे.”

आप्पांनी अभिमानानं मागाकडे बोट केलं. तात्या फेटा सारखा करून, हात जोडूनच पुढे गेले आणि मान वर केली. वर रेशमी गुलाबाखाली थोरले हसत होते.

जोडलेले हात तात्यांना खालीही घेता येईनात आणि तसेच ठेवताही येईनात. “हे?” ते म्हणाले. “हे तुमचे थोरले?”

“व्हय,” आप्पा म्हणाले. अजून त्यांच्या काही लक्षात आलेलं नव्हतं.

“आवो, ह्येंच्यावरच्या रागानं तर मी आत गेलतो!”

आता आप्पांच्या लक्षात आलं. तात्यांच्या बायकोनं पिशवी उचलली. तात्यांनी एक पाय वहाणेत घातला आणि मुलाला “ऊठ” म्हणून हाक दिली. मुलगा उठला नाही. आई झारा हातात घेऊन दारात आली. एक शब्द, आणि लेकीचं जमत आलेलं लग्न उंबऱ्यावरून परत चाललं होतं. आप्पा एकदा फोटोकडे बघायचे आणि एकदा पडद्याकडे.

पडदा सारून आक्का बाहेर आली. दाखवायच्या मुलीनं विचारल्याशिवाय बोलायचं नसतं, आणि ही सरळ तात्यांच्या समोर जाऊन उभी. “पोहे गार व्हायला लागल्यात,” ती म्हणाली. मग म्हणाली, “तुमचा राग हाय त्येंच्यावर. आमच्या गल्लीचाबी हाय. आप्पांचा जीव हाय. पर मामंजी, परक्या माणसावर इतकी वर्सं कोण रुसून बसतंय? दोनी घरचे थोरलेच झाले की ते.”

‘मामंजी’ तिच्या तोंडून निघून गेलं होतं. लग्नाआधीच सासरा करून टाकला होता तिनं त्यांना! ते लक्षात येऊन ती अशी लाजली की ताट वाकडं झालं आणि एक ताटली घसरली. ती मुलानं झेलली. तात्या त्या दोघांकडे बघत राहिले. मग त्यांच्या मिशा थरथरायला लागल्या. मला वाटलं आता ओरडणार. तर ते हसत होते. वहाणेतला पाय काढून ते परत सतरंजीवर बसले आणि म्हणाले, “आण ते पोहे.” दोनदा पोहे आणि माझ्या डोळ्यांदेखत सगळा कुंदा संपवल्यावर त्यांनी आप्पांना विचारलं, “तुमच्या थोरल्यांना जेलात खायाला काय घालत हुते वो?” आप्पांना ते ठाऊक नव्हतं. मग तात्यांनीच आपल्या तुरुंगातल्या आमटीचं वर्णन सुरू केलं, आणि निघेपर्यंत दोघांनी ती आमटी थोरल्यांनाही पाजली होती.

लग्न झालं, आक्का गेली. घर एकदम ढिलं पडलं. आप्पा स्वतः कांड्या भरायला बसत, सूत गुंतवून ठेवत आणि गुंता माझ्या अंगावर टाकत. मागावर बसले तरी गोष्टी बंद. शेवटी आईनंच कुंद्याचा डबा बांधला आणि आम्हाला दोघांना निपाणीच्या बसमध्ये बसवून दिलं. “तिला सुख हाय का न्हाय, एवढं इचारून या,” ती म्हणाली.

त्या वेळच्या निपाणीची हवा म्हणजे तंबाखू. आम्ही बसमधून उतरलो आणि आप्पांना शिंका सुरू झाल्या त्या आक्काच्या दारापर्यंत. डोळ्यांतून पाणी, नाक लाल, अशा अवतारात ते व्याह्यांच्या ओसरीवर चढले. आक्का आतून आली. अंगावर हिरवं लुगडं, मान खाली. सासू शेजारी, तात्या झोपाळ्यावर. आप्पांनी शिंक आवरून विचारलं, “काय गं शालू, कसं हाय?”

“काम, आप्पा,” आक्का म्हणाली. “लई काम.”

आप्पांचा चेहराच पडला. आमच्या घरच्या भाषेत तिनं ‘लई मजेत’ म्हटलं होतं. पण इथे, सासूशेजारी मान खाली घालून उभी असताना म्हटलेलं ‘लई काम’ म्हणजे काय? पोरगी घरचं उत्तर देतेय की खरंच मरमर राबवतायत तिला? बापाला कळायला मार्ग नव्हता. ज्या एका शब्दानं कळलं असतं त्यावर त्यानंच बंदी घातली होती!

जेवायला वांग्याचं भरीत, भाकरी, लोणी, सगळं होतं. आप्पांच्या घशाखाली घास उतरेना. आक्का वाढायला वाकली की ते तिचे हात बघत. हात तर विणकराच्या पोरीचे आधीपासूनच रखरखीत, त्यावरून काय कळणार? भिंतीवर तात्यांचा सत्याग्रहाच्या सोबत्यांबरोबरचा फोटो होता आणि त्याला लाल रेशमाचा गुलाब अडकवलेला होता. मी आप्पांना कोपरानं ढोसून तो दाखवला. “गुलाब काय, कुठंबी बसून करता येतोय,” ते पुटपुटले. मग हात धुवायच्या निमित्तानं मला बाजूला घेऊन म्हणाले, “बेबे, आत जा. काय ते इचारून ये.”

मी आत गेले. आक्का चुलीपुढे बसली होती आणि तिचे खांदे गदागदा हलत होते. मी धावत जाऊन तिचं तोंड वर केलं. ती हसत होती. “बघितलंस त्यांचं त्वांड?” ती म्हणाली. “आक्का, जेवलं न्हाईत गं ते,” मी म्हणाले. तशी ती थांबली. डोळे पुसले आणि म्हणाली, “मग इचारू देत की सरळ. तुला न्हाय सांगणार मी. त्यांच्या तोंडानं इचारू देत.”

मी बाहेर येऊन तसंच सांगितलं. निघायची वेळ झाली, आक्कानं कुंकू लावून मला खण दिला, तात्या झोपाळ्यावरच राहिले, बाकी सगळे दाराशी आले. शेजारपाजारचेही डोकावत होते. आप्पा पायरी उतरले, परत चढले, परत उतरले. आणि रस्त्यात उभे राहून, सगळ्यांच्या देखत, शिंकेनं बसलेल्या आवाजात म्हणाले, “शालू... आराम हाईस न्हवं गं?”

आक्का चेष्टा करायला बसलेली, पण तो शब्द आप्पांच्या तोंडून आला आणि तिला रडू कोसळलं. “आराम हाय, आप्पा,” ती म्हणाली. “लई आराम हाय. आईला सांगा.”

तात्या झोपाळ्यावरून ओरडले, “काय पाव्हणं! हराम न्हवं का ते? थोरल्यांनी सांगितल्यालं इसरलासा?”

आप्पा वळले. इतक्या वर्षांत त्यांना इतकं ताठ उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं. “थोरल्यांनी ते देशाला सांगितलंतं,” ते म्हणाले. “लेकीला न्हवं.”

तात्यांनी झोपाळा थांबवला. मग उठून आले आणि आप्पांबरोबर बसस्टँडपर्यंत चालत आले.

थोरल्यांवर आता पुष्कळ बोललं जातं. कुणी डोक्यावर घेतं, कुणी पायदळी तुडवतं, आणि माझी नातवंडं फोनवर ते सगळं मला वाचून दाखवतात. मी ऐकते. भिंतीवरची ती अक्षरं कधीच गेली, तिथे आता मोबाइलची जाहिरात आहे. फोटो माझ्याकडे आहे, गुलाबाचा लाल रंग उडून विटकरी झालाय. आक्का आणि मी रोज सकाळी फोन करतो. ‘आराम?’ ती विचारते. ‘आराम,’ मी म्हणते. आणि मग दोघी आपापली दुखणी काढून बसतो.

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये आप्पा खिडकीशी बसले होते. कंडक्टर ओळखीचा निघाला. तिकिटं तपासत आमच्यापाशी आला तेव्हा तो म्हणाला, “आराम अदीरी, आप्पा?”

“आराम,” आप्पा म्हणाले. खिडकीबाहेर बघतच म्हणाले. मग त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, नाक पुसलं, परत डोळे पुसले. मी त्यांच्याकडे बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं.

“निपाणीची तंबाखू लई वंगाळ,” ते म्हणाले.

बस तेव्हा निपाणी कुठच्या कुठे मागे टाकून बेळगावजवळच्या काकतीपाशी आली होती.